दोनदा सांडलेले पाणी



सिनेमा म्हटला की आपल्याला आधी गाणी आठवतात आणि मग संवाद. जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहून आलेली पोरे पुढे आठ-आठ दिवस संवाद म्हणत फिरत असत. आज ज्या सिनेमाची ओळख करून देणार आहे, त्यात पाठ करायला एकही संवाद नाही. सिनेमा जपानचा आहे, पण भाषेची अडचण नाही, कारण त्यातली माणसे बोलतच नाहीत. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून बघावा आणि कुणी कुणाला अर्थ सांगत बसू नये, असा हा सिनेमा आहे.

नाव आहे 'हदाका नो शिमा'. हदाका म्हणजे उघडे, शिमा म्हणजे बेट. इंग्रजीत तो 'द नेकेड आयलंड' या नावाने ओळखला जातो. कानेतो शिंदो या दिग्दर्शकाने तो १९६० साली काढला. काळा-पांढरा आहे आणि लांबी सुमारे दीड तास. नावावरून भलता समज करून घेऊ नका. उघडे आहे ते बेट. त्यावर ना दाट झाडी, ना झरा, ना विहीर.

जपानच्या मुख्य भूमीच्या आणि शिकोकू बेटाच्या मध्ये एक शांत समुद्र आहे. त्याला सेतोचा आतला समुद्र म्हणतात. त्यात शेकडो लहान-मोठी बेटे आहेत. दोन्ही बाजूंच्या डोंगररांगा पावसाचे ढग अडवतात, म्हणून या पट्ट्यात जपानच्या इतर भागांपेक्षा पाऊस कमी पडतो. आपल्याकडे सह्याद्री ओलांडला की पाऊस आटतो, तसाच तो प्रकार. हिरोशिमा प्रांतात मिहारा गावासमोर सागी नावाचे बेट आहे आणि त्याच्या शेजारी सुकुने नावाचा एक टेकडीवजा तुकडा. सिनेमा तिथेच काढला.

या तुकड्यावर एकच घर आहे. नवरा, बायको आणि दोन मुलगे. थोरला तारो शाळेत जातो, धाकटा जिरो अजून लहान आहे. टेकडीच्या उतारावर बांध घालून टप्प्याटप्प्याची शेती केली आहे. चहूकडे समुद्र, पण पिकाला घालायला गोडे पाणी नाही. ते आणायचे शेजारच्या मोठ्या बेटावरून.

आता हे पाणी कसे आणतात ते नीट बघा, कारण सगळा सिनेमा त्यावर उभा आहे. उजाडायच्या आत नवरा-बायको होडी काढतात. होडीच्या मागच्या टोकाला उभे राहून एक लांब वल्हे हलवत पलीकडे जातात. तिथे लाकडी बादल्या भरतात, कावडीला लावतात आणि होडीत ठेवतात. परत येतात. मग खांद्यावर कावड घेऊन उभा चढ चढतात. वर गेल्यावर लांब दांड्याच्या ओगराळ्याने एकेका रोपाच्या बुडाशी थोडे थोडे पाणी घालतात. कोरडी माती ते पाणी क्षणात पिऊन टाकते. बादल्या रिकाम्या झाल्या की पुन्हा खाली, पुन्हा होडी, पुन्हा पलीकडे.

दिग्दर्शक हे एकदा दाखवून थांबत नाही. पुन्हा दाखवतो, आणि पुन्हा. पहिल्या वीस मिनिटांत तुमच्या घरातले कुणीतरी नक्की म्हणेल, 'अहो, हे तर झाले की बघून, पुढे काय?' तेव्हा उठू नका. बघणाऱ्याचे खांदे दुखायला लागावेत एवढ्यासाठीच त्याने ते लांबवले आहे. तारेवरच्या डोंबाऱ्याला बघावे तसे थोड्या वेळाने आपण त्या बाईच्या पावलांकडे बघू लागतो. पाऊल कुठे पडते, बादली किती हिंदकळते, थेंब कुठे सांडतो, याकडेच आपले लक्ष लागून राहते. लांबून हंडा आणलेल्या बाईला हे कुणी समजावून सांगायला नको.

आणि मग तिचा पाय घसरतो.

एक बादली उलटते. पाणी मातीत जाते. नवरा आपली कावड खाली ठेवतो, तिच्याजवळ येतो आणि काही न बोलता तिच्या तोंडात मारतो. इतक्या जोरात की ती खाली पडते. नंतर ती उठते आणि दोघे पुन्हा कामाला लागतात. सगळे मिनिटभरात आटोपते.

मंडळी, या ठिकाणी मला थोडे थांबायचे आहे. हा प्रसंग आला की काही घरांत पुरुष मंडळी चुळबुळतील, कुणी 'पाण्याची किंमत कळायला नको का?' असेही म्हणेल, आणि बायका खाली बघतील. पाण्याची किंमत कळते, हे खरेच. पलीकडून आणलेली, चढावरून वर नेलेली बादली वाया जाणे म्हणजे काय, हे आपल्याला त्या क्षणी कळते. पण पाणी तिनेही तितकेच वाहिले आहे. त्याच होडीतून, त्याच चढावरून. त्याची कावड आणि तिची कावड सारखीच जड आहे. मग मारण्याचा अधिकार एकट्याकडेच कसा? दिग्दर्शक याचे उत्तर देत नाही. तो त्या माणसाला राक्षस ठरवत नाही आणि त्याची पाठही थोपटत नाही. प्रसंग तसाच सोडून देतो. तुम्ही मात्र तो लक्षात ठेवा. पुढे त्याचा हिशेब व्हायचा आहे.

हे सगळे दुःखाचेच आहे असे समजू नका. चारही ऋतू यात येतात. आईबाप पाण्याला गेले की दोन्ही मुलगे घरचे काम उरकतात, न्याहरीची तयारी करतात आणि जनावरांना खायला घालतात. आई तारोला होडीतून शाळेच्या बेटावर सोडते आणि येताना पाणी घेऊन येते, म्हणजे रिकामी खेप नाही. पिकलेल्या धान्याची पोती होडीत घालून जमीनमालकाच्या दारी पोचवावी लागतात. दिवस संपला की लोखंडी पिंपात पाणी तापवून अंघोळ होते. त्या गरम पाण्यात आई बसते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघा. दिवसभरात तिच्या अंगाला सुख देणारे पाणी हे एवढेच.

आणि एक दिवस पोरांच्या गळाला मोठा मासा लागतो. 'ताई' नावाचा तांबूस मासा जपानात शुभ मानतात. सणासुदीला आणि लग्नकार्यात तो लागतो, त्यामुळे त्याला भाव असतो. घरात आनंदीआनंद. सगळे कुटुंब ठेवणीतले कपडे घालून मासा विकायला ओनोमिची या शहरात जाते. तो चटकन विकला जात नाही. जिवंत मासा घेऊन दारोदार फिरावे लागते. टोपलीभर माल घेऊन बाजारात भाव मिळेपर्यंत उभे राहिलेल्या माणसाला ती पावले ओळखीची वाटतील. शेवटी गिऱ्हाईक मिळते. मग हॉटेलात जेवण, तारेवरच्या पाळण्यातून डोंगरावर फेरी, आणि दुकानातल्या टीव्हीसमोर चौघांचे थबकून उभे राहणे.

हे टीव्हीचे दृश्य छोटे आहे, पण सोडू नका. जपानमध्ये टीव्ही १९५३ साली सुरू झाला. हा सिनेमा निघाला तेव्हा शहरांत तो घरोघर पोचत होता, आणि १९६४ साली तर तिथे जगातली पहिली अतिवेगवान आगगाडी धावू लागली. ज्या देशाकडे सगळे जग तोंडात बोट घालून बघत होते, त्याच देशात होडीच्या एका प्रवासाइतक्या अंतरावर एक कुटुंब खांद्यावरून पाणी वाहत आहे, हे शिंदो यांना दाखवायचे होते. त्यासाठी त्यांनी भाषण केले नाही. काचेमागे नाचणारे चित्र आणि काचेबाहेर उभी असलेली चार माणसे, एवढेच दाखवले.

यापुढे काय होते ते सांगितले तर सिनेमाची गोडी जाईल, असे कुणाला वाटेल. या सिनेमाचे तसे नाही. पण ज्यांना आधी कळायला नको असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद झाकून ठेवावेत.

तारो तापाने फणफणतो. आईबाप पलीकडे पाण्याला गेलेले असतात. परत आल्यावर बाप होडी घेऊन डॉक्टरला आणायला सुटतो. पलीकडे जाऊन धावत शोधतो, तर डॉक्टर जागेवर नसतो, दुसऱ्या रोग्याकडे गेलेला असतो. शेवटी तो सापडतो, होडीत बसतो. ज्या अंतराची आपल्याला एव्हाना सवय झालेली असते, तेच अंतर आता संपता संपत नाही. पाणी आणायला लागत होता तेवढाच वेळ डॉक्टर आणायला लागतो, आणि तेवढ्यात पोर गेलेले असते. दवाखाना पलीकडच्या गावाला आणि मध्ये नदीला पूर, अशी रात्र ज्या घराने काढली आहे, त्या घराला याहून जास्त सांगायला नको. तारोचे गुरुजी आणि वर्गातली मुले होडीतून येतात. बरोबर बौद्ध भिक्षू असतो. मुलांची रांग तो चढ चढून वर जाते. आपल्याला इतका वेळ फक्त बादल्या चढवायचा वाटलेला तो रस्ता पोराच्या शेवटच्या वाटेचाही होतो.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाणी. पिकाला सुतक नसते. पुन्हा होडी, कावड, चढ. आणि वर पोचल्यावर, काही कारण नसताना, ती बाई आपल्या हाताने बादली उलटी करते. सगळे पाणी मातीत. मग ती पिकात आडवी पडते, रोपे उपटून फेकते आणि मोठमोठ्याने रडते. सबंध सिनेमा मुका गेल्यावर तो आवाज काळजाला जाऊन भिडतो. नवरा समोर उभा असतो. पहिल्या वेळी पाणी चुकून सांडले तेव्हा त्याने मारले होते. या वेळी तिने मुद्दाम सांडले आहे, वर पीकही उपटले आहे. आता तो काय करील? तो काहीच करत नाही. उभा राहून बघतो. मग वळतो आणि आपले ओगराळे पुन्हा पाण्यात घालतो. थोड्या वेळाने ती उठते आणि तीही पाणी घालू लागते.

मंडळी, या सिनेमाबद्दल देशोदेशीच्या विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मला विचाराल तर त्याचा गाभा या दोन बादल्यांत आहे. तेच पाणी, तीच माती, तीच दोन माणसे. पहिल्या वेळी त्या माणसाला फक्त पाणी दिसले. दुसऱ्या वेळी त्याला बायको दिसली. यासाठी घरातले एक पोर जावे लागले, ही या गोष्टीतली खरी जखम आहे. तो माफी मागत नाही, तिला जवळ घेत नाही. कष्टाच्या घरांत पुष्कळदा शब्द सापडतच नाहीत, हे आपण जाणतो. पण त्याचे ते गप्प उभे राहणे पुरेसे आहे का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो. माझ्या मते ते पुष्कळ आहे, पण पुरेसे नाही. घरातल्या बाईंना विचारा, त्यांचे मत माझ्यापेक्षा मोलाचे असेल.

आता हा सिनेमा काढणाऱ्याविषयी थोडे. कानेतो शिंदो यांचा जन्म १९१२ सालचा, हिरोशिमा भागातल्या खेड्यातला. घर जमीनजुमला बाळगून असलेल्या शेतकऱ्याचे. वडील दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिले आणि त्यापायी घरदार, जमीन सगळे गेले. आई दुसऱ्यांच्या शेतावर मजुरी करू लागली आणि शिंदो लहान असतानाच वारली. एका सहीने उभे घर आडवे होताना ज्या मुलाने पाहिले, त्याने पुढे शेतकरी बाईवर सिनेमा काढला, तर तिच्या खांद्यावरचे ओझे त्याला खोटे दाखवता आले नसते. १९८६ साली त्यांनी आपल्या आईच्या आठवणींवर एक वेगळा सिनेमाही काढला.

मोठ्या कंपन्यांच्या तालावर नाचायचे नाही म्हणून शिंदो यांनी १९५० साली काही सोबत्यांसह स्वतःची लहान संस्था काढली होती. दहा वर्षांत ती कर्जाच्या गाळात रुतली. संस्था बंदच करायची तर निदान मनातला एक सिनेमा काढून मग करू, अशा बेताने मूठभर माणसे घेऊन, अगदी थोड्या पैशात हा सिनेमा झाला. आईचे काम नोबुको ओतोवा या नामवंत नटीने केले आणि बापाचे ताइजी तोनोयामा यांनी. मुलांची कामे तिथल्याच साध्या पोरांनी केली. बादल्यांत पाणी खरे होते. रिकाम्या बादल्या घेऊन वजनाचे सोंग आणायचे नाही, असा शिंदो यांचा आग्रह होता. म्हणून नटनटींनी कावड वाहायचा आणि होडी वल्हवायचा सराव केला. तुम्ही कावड वाहिली असेल तर पहिल्या दृश्यातच ओळखाल.

पुढे नवल घडले. १९६१ साली मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात एका रशियन सिनेमाच्या जोडीने याला पहिले बक्षीस मिळाले. मग साठाहून अधिक देशांनी तो विकत घेतला आणि बुडायला आलेली संस्था तरली. भाषा नसल्यामुळे कोणत्याही देशात तो जसाच्या तसा दाखवता आला, हाही फायदा झाला. शिंदो त्यानंतर पन्नास वर्षे सिनेमे काढत राहिले आणि २०१२ साली, वयाची शंभर वर्षे पुरी करून गेले. नोबुको ओतोवा पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. त्या १९९४ साली वारल्या तेव्हा त्यांच्या अस्थींचा काही भाग याच सुकुने बेटाजवळ सोडण्यात आला.

आता बघायचे कसे, ते सांगतो.

कामाच्या गडबडीत मध्येमध्ये उठून बघू नका. रात्रीची जेवणे झाल्यावर दिवे मंद करून सगळे बसा. आज हा सिनेमा तबकडीवर आणि इंटरनेटवरही मिळतो. घरातल्या शिकत्या मुलाला सांगा, तो शोधून देईल. मोबाईलच्या वीतभर पडद्यावर मात्र बघू नका, कारण चित्र रुंद आहे. एवढ्या मोठ्या समुद्रात ती होडी किती लहान दिसते, हे मोठ्या पडद्यावरच कळते. जपानी नावे किंवा खालची अक्षरे वाचण्याची गरज नाही.

आवाज बंद करू नका. संवाद नसले तरी हा मूकपट नव्हे. वल्ह्याचा आवाज आहे, पाण्याचा आहे, पावलांचा आहे. हिकारू हायाशी यांनी दिलेली एक साधी, कानात घोळणारी चाल आहे. ती पुन्हा पुन्हा येते, जशी पाण्याची खेप येते. सुरुवातीला ती नुसती गोड वाटते. शेवटी तीच चाल ऐकवत नाही.

लहान मुले असतील तर पोर जाण्याचा प्रसंग येणार आहे, हे आधी सांगून ठेवा. त्यात रक्त नाही, आरडाओरड नाही, पण आठ-दहा वर्षांची मुले घाबरतात. त्यांना जवळ घेऊन बसा.

आणि तुमच्यातला जाणता शेतकरी विचारील, 'अरे, हे पावसाचे पाणी का साठवत नाहीत? टाके का बांधत नाहीत? आणि एवढे हाल तर बेट सोडून का जात नाहीत?' प्रश्न रास्त आहेत. यांपैकी कशाचेही उत्तर सिनेमात नाही, आणि काही टीकाकारांनाही हे खटकले आहे. शिंदो यांचे म्हणणे असे, की निसर्गापुढे मुंगीसारखी झुंजत राहणारी माणसे त्यांना पडद्यावर मांडायची होती. शेतीचा पाठ द्यायचा नव्हता. तरी मुलांबरोबर बसून हा हिशेब जरूर मांडा. चार बादल्या एका खेपेला, तर दिवसाला किती खेपा? एका रोपाच्या वाट्याला किती ओगराळी? एकेका रोपाच्या बुडाशी थेंब-थेंब घालायचे जे काम आज ठिबकची नळी करते, तेच काम ती दोन माणसे खांद्याने करत होती. नळीचा पाट फुटून पाणी वाहताना दिसले, तर मुलांना ती बाई आठवेल.

शेवटच्या दृश्यात चित्र उंच उंच जाते. बेट लहान होत जाते आणि भोवती नुसते पाणी दिसते. ते संपल्यावर लगेच दिवा लावू नका. दोन मिनिटे तशीच जाऊ द्या. मग कुणीतरी उठून घोटभर पाणी पिईल. कुणी आणले, किती लांबून आणले, हे त्या वेळी एकदा विचारून बघा.

बाकी पुढल्या आठवड्यात. राम राम.